शैक्षणिक कर्जाचा हप्ता थकला? बँकेपासून तोंड लपवू नका

शिरूर-दौंड भागातली आपल्या समाजाची मुलं-मुली आता डिप्लोमा, इंजिनिअरिंग, फार्मसीपर्यंत पोहोचली आहेत. ही खुशीची गोष्ट. पण रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत पहिली नोकरी अनेकांना कंत्राटीच मिळते. कोर्स संपून साधारण वर्ष झालं की हप्ता मात्र पक्का सुरू होतो. मग बँकेचा फोन उचलायचा नाही, नोटीस कपाटात टाकायची, असं चालतं. त्यात नुकसान आपलंच.

हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. आई किंवा वडील सहकर्जदार असल्यामुळे त्यांचाही सिबिल स्कोअर बिघडतो, आणि पाठच्या बहिणीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलं की तोच आडवा येतो.

म्हणून त्याआधीच शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत बेकारीच्या काळात एका वेळी जास्तीत जास्त 6 महिने, असं दोन-तीनदा हप्ते थांबवण्याची सोय आहे. परतफेडीची मुदतही 15 वर्षांपर्यंत नेता येते. निर्णय बँकेचा, पण मागितल्याशिवाय कोण देणार?

मुदत वाढवण्याआधी हिशोब मात्र करा. 4 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज धरलं, तर 10 वर्षांसाठी हप्ता सुमारे 5,286 रुपये बसतो, 15 वर्षांसाठी 4,298. महिन्याला हजारभर वाचतात, पण एकूण जवळपास 1 लाख 39 हजार जास्त जातात. पगार वाढला की जादा भरणा करावा.

खातं आधीच एनपीए झालं असेल तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. फक्त ठरलेली रक्कम भरल्यावर नो ड्यूज दाखला घ्या. कर्जाचा काही भाग माफ झाला तर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा राहतो, हेही ध्यानात असू द्या. वसुली एजंटला सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते.

जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेलाही येतो. गावोगावच्या जमातींनी येत्या रमजानमध्ये अशा घरांचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. शिकलेलं पोर कर्जाच्या शरमेने घरात बसलं, तर पुढच्या पोराला शिकवायला कोण धजावेल?