स्वस्त भीतीची किंमत

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. वर्गात मागणी आणि पुरवठा यांचे विवेचन चालू असताना मागल्या बाकांवर काही कुजबुज चालली होती. तास संपल्यावर चौकशी केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी आदल्या रात्री भ्रमणध्वनीवर एक भयपट पाहिल्याचे कळले. काही तरुण जंगलात जातात, परत येत नाहीत, आणि त्यांचा कॅमेरा तेवढा सापडतो, असे त्याचे कथानक होते. ‘सर, हे खरेच घडले असेल का?’ असा त्यांचा प्रश्न होता. मी हसून विषय टाळला. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने भुताखेतांवर बोलावे असे काही त्यात आहे, असे तेव्हा मला वाटले नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी माझ्याच भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत आली. अंधार, हलणारा कॅमेरा, कोणाचा तरी धापा टाकल्याचा आवाज, शेताच्या धुऱ्यावरून मुलाला ओढून नेणाऱ्या दोन आकृती आणि एकाएकी तुटलेले चित्र. खाली मजकूर होता, ‘आपल्या तालुक्यातील प्रकार, सावध राहा.’ खबरदारी म्हणून मी ती फीत शिक्षकांच्या समूहावर पाठविली. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका खेड्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या दोन बायांना लोकांनी वेढले. त्यांच्या गाठोड्यात मूल शोधण्यापर्यंत मजल गेली. गावचा एक किराणा दुकानदार मध्ये पडला म्हणून निभावले. तो एवढेच म्हणाला, ‘ह्या बाया दर साली येतात. मी वळखतो त्याईले.’ पुढे तीच फीत दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने फिरत असल्याचे माझ्याच एका विद्यार्थ्याने मला दाखविले. त्या गावी जमलेल्या लोकांपैकी कोणी ती मी पाठविल्यामुळे पाहिली होती किंवा कसे, हे सांगता येणार नाही. परंतु विद्यार्थ्यांचा जो प्रश्न मी हसून टाळला होता, तोच स्वतःला विचारण्याचे माझ्याकडून राहिले, हे मात्र खरे.

भयाचे अर्थशास्त्र

‘सापडलेले चित्रण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भयपटांचे अर्थशास्त्र मोठे उद्बोधक आहे. १९९९ साली अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या मूळ चित्रीकरणाचा खर्च साधारणपणे साठ हजार डॉलर सांगितला जातो. जगभरातील त्याची तिकीटविक्री मात्र चोवीस कोटी डॉलरांच्या वर गेली. २००७ मध्ये तयार होऊन २००९ मध्ये सर्वत्र झळकलेला ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ तर दिग्दर्शकाने स्वतःच्याच घरात, सुमारे पंधरा हजार डॉलरांत उरकला होता. आपल्याकडेही काटकसरीच्या भयपटांची परंपरा जुनी आहे. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला, तेव्हा दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी ही कामे घरातल्या घरात वाटून घेतली होती आणि महाबळेश्वरचे विश्रामगृह हाच त्यांचा चित्रपथ होता.

तथापि रामसे बंधूंची काटकसर आणि या नव्या पद्धतीची काटकसर यांत एक मूलभूत फरक आहे. रामसेंचा राक्षस लोकांना दाखवावा लागे. त्याचा मुखवटा, रंगभूषा, धूर, लाल-हिरवा प्रकाश, या साऱ्याला पैसा पडत असे. सापडलेल्या चित्रणात राक्षस दाखवावाच लागत नाही. कॅमेरा हलतो, दिवा विझतो, झाडीत काही तरी मोडल्याचा आवाज येतो आणि उरलेले काम प्रेक्षक स्वतःच्या मनात, स्वतःच्या खर्चाने करतो. उत्पादनखर्चाचा मोठा भाग ग्राहकावर लोटणारा असा दुसरा धंदा विरळा. शिवाय येथे निकृष्टपणा हाच गुण ठरतो. अस्पष्ट चित्र, फाटका आवाज, चुकलेली चौकट हे सारे ‘हे खरे आहे’ याचे पुरावे म्हणून पुढे येतात. इतर चित्रपटांत ज्याला दोष म्हणतात, तेच येथे भांडवल होते.

अर्थात साठ हजारांचे चोवीस कोटी झाले, ही हकीकत सोडतीचे पहिले बक्षीस लागलेल्या माणसाच्या हकिकतीसारखी आहे. ज्यांची तिकिटे वाया गेली त्यांची नावे कोणी छापत नाही. मूळ चित्रीकरण स्वस्त असले, तरी वितरक कंपनीने जाहिरातीवर ओतलेला पैसा त्या साठ हजारांत धरलेला नसतो. आणि नफ्याची वाटणीही पाहण्यासारखी आहे. ‘ब्लेअर विच’मधील तिन्ही नटांनी स्वतःच्या खऱ्या नावांनी भूमिका केल्या होत्या, त्यांनीच २०२४ मध्ये, म्हणजे पाव शतकानंतर, जाहीर पत्र काढून न्याय्य मोबदल्याची मागणी केली.

प्रेक्षक काय करतो?

अशा चित्रपटांना प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद एकसारखा कधीच नव्हता. ‘ब्लेअर विच’ पाहताना कित्येकांना हलत्या चित्राने मळमळले. कित्येक शेवटी काहीच दिसले नाही म्हणून चिडले. आणि बऱ्याच जणांनी ते खरे मानले. तसे मानण्याची तजवीजही करून ठेवलेली होती. तिघे विद्यार्थी १९९४ मध्ये मेरीलँडच्या जंगलात नाहीसे झाले, असे चित्रपटाच्या आरंभीच सांगितले होते. त्यांच्या शोधाची पत्रके वाटली गेली होती. नायिकेच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. त्याही आधी, १९८० साली, ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ या इटालियन चित्रपटाच्या दिग्दर्शकावर तर नट जिवंत आहेत हे न्यायालयापुढे सिद्ध करण्याची पाळी आली होती.

या प्रेक्षकांना भाबडे म्हणून हसणे सोपे आहे. परंतु आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टी आठवून पाहाव्यात. रात्री शेतात चकवा लागून पहाटेपर्यंत एकाच धुऱ्याभोवती फिरणारा माणूस, पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, यांतील कोणतीच गोष्ट ‘एक होता राजा’ अशी सुरू होत नसे. ‘आपल्या मामाने डोळ्यांनी पाहिले’ असे म्हणूनच ती सुरू होई. गाव आपले, विहीर ओळखीची आणि साक्षीदार नात्यातला. खरेपणाचा दावा हा भयकथेचा जुना मसाला आहे. चित्रपटांनी तो नव्याने शोधून काढलेला नाही.

फरक इतकाच की, आजीची गोष्ट उत्तरदायी होती. मामा दिवाळीला घरी येई, त्याला विचारता येई. आणि बहुधा त्याच्या हसण्यातच उत्तर मिळे. चित्रपटाचेही काही अंशी तसेच आहे. तिकीट काढावे लागते, आरंभी परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र दिसते, शेवटी नामावली येते आणि दिवे लागतात. २०११ च्या ‘रागिनी एमएमएस’ची जाहिरात सत्य घटनेच्या आधाराची होती, तर २०१३ च्या ‘६-५=२’ या कन्नड चित्रपटाची मांडणीच गिर्यारोहणास गेलेल्या मित्रांच्या सापडलेल्या कॅमेऱ्यावर बेतलेली होती; तरीही दिवे लागल्यावर प्रेक्षक घरी गेले आणि जेवले. येथे फसवणूक आहे, पण ती उभयपक्षी ठरलेली आहे. म्हणून अशा चित्रपटांवर बंदी घालावी, अशी जी सूचना अधूनमधून केली जाते, ती मला मान्य नाही. भय वाटून घेणे हे माणसाचे जुने सुख आहे. खरेपणाचा आव न आणताही भयपट बोलू शकतो, हे २०१७ च्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटाने दाखविले आहे. उसाच्या फडात हिंडणारी त्यातील भुते मुलीचा जीव घेणाऱ्या समाजाविषयी सांगतात, आणि ते ऐकण्यासाठी ती भुते खरी मानावी लागत नाहीत.

बिल कोणाच्या नावावर?

आमच्या शास्त्रात बाह्य परिणाम नावाची एक संकल्पना आहे. कारखान्याच्या धुराची किंमत कारखानदार देत नाही, मालाचा ग्राहकही देत नाही. ती शेजारच्या वस्तीला फुप्फुसांतून मोजावी लागते. ‘ब्लेअर विच’ची कथा बर्किट्सव्हिल नावाच्या जेमतेम दोनशे वस्तीच्या खऱ्या गावाभोवती रचलेली होती. चित्रपटानंतर तेथे चेटकीण शोधणाऱ्यांची रीघ लागली; गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा लोकांनी चोरून नेल्या. त्या गावाने ना चित्रपट काढला होता, ना नफा घेतला होता.

पाट्या गेल्या, तेथवर हे विनोदाने सांगता येते. आपल्या राज्यात यापेक्षा भयंकर बिल चुकते झाले आहे. दिल्लीपासून दक्षिणेपर्यंत जी चित्रफीत २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून फिरली, ती मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी काढलेली जाहिरात होती. मोटारसायकलवरील दोघे मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. मग इशाऱ्याचा फलक दिसतो. कोणी तरी शेवटचा भाग कापला. मूल परत येण्याचा भाग गेला आणि उरले ते ‘सापडलेले चित्रण’. या अफवांच्याच लाटेत १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना कोंडून मारहाण झाली, आणि तिचेही चित्रण लोकांनी केले.

त्या जमावाने भयपट पाहिले होते म्हणून हे घडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भटक्यांविषयीचा संशय चित्रपटाच्या कितीतरी आधीचा आहे. इंग्रज सरकारने तर तो १८७१ मध्ये कायद्यातच लिहून ठेवला होता. माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. हलते, अंधुक, तुटके चित्र म्हणजे खरे चित्र, ही समजूत भयपटाने करमणूक म्हणून वापरली. तीच समजूत चित्रफीत पसरविणारा वापरतो, मात्र त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही, नामावली नाही आणि शेवटी लागणारे दिवेही नाहीत. चित्रपटाला साठ हजार डॉलर तरी लागले. या भीतीचा उत्पादनखर्च शून्य आहे, वाहतूकखर्च शून्य आहे, आणि किंमत मात्र दारोदार फिरून पोट भरणाऱ्या अनोळखी माणसाच्या नावावर पडते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घालण्यास सुरुवात केली. धुरावर जसा कर, तसा हा वेगावर अडसर होय. तो उपयुक्त आहे; पण पुरेसा नाही. पाच ठिकाणी पाठविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकासारखा पदव्युत्तर शिक्षण घेतलेला मास्तरही असतो.

रिद्धपूरचा धडा

हे मी रिद्धपुरात बसून लिहीत आहे, आणि या गावाला साक्षीपुराव्याची एक मोठी परंपरा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले, त्या माणसांकडे ते स्वतः गेले. त्यांच्या आठवणी त्यांनी टिपल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे एकाच प्रसंगाच्या आठवणींत भेद दिसला, तेव्हा सोयीची तेवढी ठेवून बाकीच्या पुसल्या गेल्या नाहीत. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची तशी, अशा नावानिशी त्या नोंदल्या गेल्या. श्रद्धेचा विषय असूनही ही शिस्त पाळली गेली, किंबहुना श्रद्धेचा विषय होता म्हणूनच ती पाळली गेली. मराठी गद्याचा आरंभकाळ हा असा ‘कोण सांगतो?’ या प्रश्नाशी बांधलेला आहे. आता या गावी मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. त्याच्या वारशात ग्रंथाइतकीच ही पद्धतही मोडते.

गेल्या वर्षापासून मी माझ्या वर्गात एक छोटा पाठ घेतो. विद्यार्थ्यांनी आपल्याकडे आलेली कोणतीही एक चित्रफीत आणावी आणि तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. हे कोणी चित्रित केले? कोठे आणि केव्हा? याच्या आधी व नंतर काय होते? बहुतेक वह्यांत तिन्ही उत्तरांच्या जागा कोऱ्या राहतात, आणि त्या कोऱ्या जागा हाच त्या दिवसाचा धडा असतो. यासाठी वेगळा अभ्यासक्रम नको, अनुदान नको, समिती तर मुळीच नको. भाषेच्या, इतिहासाच्या, विज्ञानाच्या शिक्षकाला हा पाठ आपापल्या तासाला घेता येईल. कार्यालयातील बंधूंना तो मधल्या सुट्टीत घेता येईल. पाठ संपल्यावर मुलांनी रात्री खुशाल भयपट पाहावा आणि मनसोक्त घाबरावे.

त्या दोन बाया यंदाही आल्या होत्या. आमच्या घरी त्यांनी जुन्या दोन सदऱ्यांवर एक पातेले दिले. गेल्या खेपेचा विषय त्यांनी काढला नाही, आणि तो काढण्याचे धैर्य मलाही झाले नाही. परंतु त्या गावात त्यांना वाचविले ते कोणा शिकलेल्या माणसाने नव्हे, तर ‘मी वळखतो’ एवढी एकच साक्ष उभी करणाऱ्या किराणा दुकानदाराने. नाव सांगून, समोर उभे राहून, अंगावर जबाबदारी घेऊन दिलेली ती साक्ष होती. पुढच्या वेळी चित्रफीत हाती येईल, तेव्हा तितके जरी आपल्याला म्हणता आले नाही, तरी ती पुढे न पाठविणे एवढे आपल्या हाती निश्चित आहे.