विश्लेषण : नदी वाचवणे हा ‘कट’ ठरतो तेव्हा… कंबोडियावर निर्बंध हवेत, पण नेमके कोणावर?

२ जुलै २०२४ रोजी कंबोडियाच्या न्यायालयाने ‘मदर नेचर’ या पर्यावरण गटाच्या दहा जणांना सहा ते आठ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. आरोप होता सरकारविरुद्ध कट रचल्याचा. तिघांवर राजाचा अपमान केल्याचाही ठपका होता. या तरुणांनी काय केले होते? धरण, वाळूउपसा आणि तलाव बुजवण्याला विरोध. व्हिडीओ काढले, ते लोकांना दाखवले, जाब विचारला.

सरकारला इतका राग का?

कारण त्यांचे प्रश्न थेट पैशाला भिडतात. कोह काँग प्रांतातल्या वाळूचे उदाहरण घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आकडेवारीनुसार सिंगापूरने २००७ पासूनच्या दहाएक वर्षांत कंबोडियातून ७ कोटी टनांहून अधिक वाळू आयात केल्याची नोंद आहे. कंबोडियाच्या दप्तरी मात्र निर्यात ३० लाख टनांहूनही कमी. उरलेली वाळू कुठे गेली आणि तिचे पैसे कोणाच्या खिशात गेले? हा आवाज वाढल्यावर २०१७ मध्ये सरकारला वाळूनिर्यातीवर बंदी घालावी लागली. म्हणजे आंदोलकांचे म्हणणे सरकारने कृतीतून मान्य केले आणि नंतर त्याच गटाला तुरुंगात धाडले.

या गटाला २०२३ मध्ये ‘राइट लाइव्हलिहूड’ पुरस्कार मिळाला. तो घ्यायला स्टॉकहोमला जाण्याची परवानगीही न्यायालयाने नाकारली. त्याआधी २०१२ मध्ये बेकायदा लाकूडतोडीचा माग काढणारे चुट वुट्टी जंगलात गोळी लागून मारले गेले होते. हुन सेन यांनी २०२३ मध्ये पंतप्रधानपद मुलाकडे, हुन मानेत यांच्याकडे सोपवले. पद्धत तीच राहिली.

निर्बंध आधीही लागले होते ना?

हो. मानवी हक्कांच्या उल्लंघनामुळे युरोपीय महासंघाने ऑगस्ट २०२० मध्ये कंबोडियाच्या शुल्कमुक्त व्यापार सवलतीचा काही भाग काढून घेतला. युरोपला होणाऱ्या निर्यातीपैकी सुमारे एक पंचमांश मालाला त्याचा फटका बसला. तरीही दडपशाही थांबली नाही. त्यामुळे ‘निर्बंधांचा उपयोग नाही’ असे म्हणणारे याच उदाहरणाकडे बोट दाखवतात.

पण तो घाव बसला कुठे, हे पाहायला हवे. सवलत गेलेल्या मालात कपडे, पादत्राणे आणि प्रवासी बॅगा होत्या. या कारखान्यांत राबणाऱ्या लाखो कामगारांत बहुसंख्य महिला आहेत. निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचे किंवा लाकूडसम्राटाचे त्यात फारसे बिघडले नाही.

मग मार्ग कोणता?

निर्बंध व्यक्तींवर हवेत. अमेरिकेने डिसेंबर २०१९ मध्ये ‘ग्लोबल मॅग्निट्स्की’ कायद्याखाली लाकूड व्यापारी ट्राय फेप आणि त्यांच्याशी संबंधित कंपन्यांवर अशी कारवाई केली. युरोपीय महासंघाकडेही डिसेंबर २०२० पासून याच धर्तीची व्यवस्था आहे : मालमत्ता गोठवणे, प्रवेशबंदी, आर्थिक व्यवहारांना मज्जाव. ती कंबोडियातल्या पर्यावरण कार्यकर्त्यांच्या छळासाठी वापरावी. हे खटले उभे करणारे अधिकारी आणि जंगल-वाळूच्या धंद्यात कमावणारे त्यांचे पाठीराखे यांची नावे त्या यादीत यावीत. वाळू, लाकूड विकत घेणाऱ्या देशांनीही मालाचा उगम तपासणे सक्तीचे करावे. दोन देशांच्या दप्तरांत इतकी तफावत असताना ‘आम्हाला कल्पना नव्हती’ ही सबब चालणार नाही.

चीनचे काय?

दबाव वाढला की कंबोडिया चीनकडे अधिक झुकेल, हा आक्षेप खरा आहे. कर्ज आणि गुंतवणूक चीन देईलच. पण वरच्या वर्तुळातल्यांना पैसा डॉलरमध्ये साठवायचा असतो, पाश्चात्त्य देशांत घरे घ्यायची असतात, मुलांना तिथे शिकवायचे असते. ही सोय चीनला देता येत नाही. दबाव टाकायची जागा नेमकी तीच आहे.

निर्बंधांनी राजवट रातोरात बदलणार नाही. पण नदीसाठी बोलणाऱ्याला सहा वर्षे तुरुंग आणि नदी विकणाऱ्याला परदेशात बंगला, हा हिशेब तरी बदलता येईल. ते युरोपच्या हातात आहे, आणि त्यासाठी नवा कायदाही करावा लागत नाही.