विश्लेषण : किलोमीटरचा दर कमी, तरी बिल जास्त कसे? सुट्टीसाठी भाड्याची गाडी ठरवताना…

वरठीच्या रेल्वे स्थानकावर पाटी 'भंडारा रोड'ची आहे. मुंबईला निघालेली विदर्भ एक्स्प्रेस आणि पुणे-साताऱ्यामार्गे कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोन्ही येथे थांबतात. पण आजी-आजोबा आणि लेकराबाळांसह सात जणांना पचमढीला न्यायचे ठरले, की रेल्वे फारशी कामाची नसते. गाडीच सांगावी लागते. मग फोनाफोनी सुरू होते आणि प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच असतो, 'किलोमीटरला किती?' त्या उत्तरावरच सौदा ठरतो आणि परत आल्यावर बिल पाहून वाद होतो. हा वाद टाळायचा तर दराच्या आधी आणखी चार गोष्टी विचाराव्या लागतात.

मीटर कुठून सुरू होते?

वरठीसारख्या गावाला हा प्रश्न सर्वांत महाग पडतो. नागपुरात गाड्या भरपूर, स्पर्धाही जास्त, त्यामुळे तिथला दर एखाद्या रुपयाने कमी असतो. मात्र बहुतेक व्यावसायिक 'गॅरेज टू गॅरेज' हिशेब करतात. म्हणजे गाडी नागपुरातून निघाली की मीटर सुरू आणि परत नागपुरात उभी राहिली की बंद. नागपूर ते वरठी अंतर ६०-७० किलोमीटर. पाहुण्यांना घ्यायला येताना आणि सोडून जाताना गाडी रिकामी धावते, ते १३०-१४० किलोमीटर ग्राहकाच्या माथी बसतात. भंडारा किंवा वरठीतील गाडीला ही रिकामी फेरी जवळपास नसते. म्हणून दोन्हीकडे दर विचारताना 'मीटर माझ्या दारातून की तुमच्या गॅरेजमधून' हे आधी विचारावे.

गाडी उभी, तरी पैसे का?

बाहेरगावच्या भाड्यात रोजचे किमान किलोमीटर ठरलेले असतात. कुणी २५० धरतो, कुणी ३००. गाडी त्याहून कमी चालली तरी पैसे किमानाचेच. मालकाच्या दृष्टीने यात गैर काही नाही, कारण त्या दिवशी त्याची गाडी आणि चालक दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. अडचण एवढीच की हा आकडा ग्राहकाला बहुधा शेवटी कळतो.

उदाहरण घेऊ. दर समजण्यापुरते धरले आहेत. वरठी ते पचमढी, नागपूर-छिंदवाडामार्गे, अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ६५०. पहिल्या दिवशी जाणे, दुसऱ्या दिवशी मुक्काम, तिसऱ्या दिवशी परत.

नागपूरची गाडी १३ रुपये किलोमीटर सांगते, रोज किमान ३०० किलोमीटर, चालकाचा भत्ता रोज ५०० रुपये. तीन दिवसांचे किमान ९०० किलोमीटर झाले. रिकामी फेरी धरूनही प्रत्यक्ष धाव ७९० च आहे, तरी बिल ९०० चे. म्हणजे ११,७०० रुपये, भत्त्यासह १३,२००.

भंडाऱ्याची गाडी १४ रुपये सांगते, किमान २५० किलोमीटर, भत्ता ४०० रुपये. तीन दिवसांचे ७५० किलोमीटर, १०,५०० रुपये. भत्त्यासह ११,७००.

दर रुपयाने जास्त असलेली गाडी दीड हजाराने स्वस्त पडली. टोल आणि पार्किंग दोन्हीकडे वेगळे.

यात मधला दिवस बघण्यासारखा आहे. पचमढीत धूपगढसारखी बरीच ठिकाणे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात आणि तिथे स्थानिक नोंदणीकृत जिप्सीच करावी लागते. बाहेरून आणलेली गाडी दिवसभर हॉटेलसमोर उभी राहते. म्हणजे त्या दिवसाचे अडीचशे-तीनशे किलोमीटरही द्यायचे आणि जिप्सीचे भाडेही. ताडोबा, पेंचच्या सफारीतही आपली गाडी प्रवेशद्वारापर्यंतच कामाची. अशा सहलीत मुक्कामाच्या दिवसासाठी किमान किलोमीटर कमी करून मागावेत किंवा सगळा प्रवास 'उक्ता' ठरवावा. मालक लगेच तयार होईलच असे नाही, पण गाडी दिवसभर उभी राहणार हे त्यालाही माहीत असते. घासाघीस करायची तर इथे करावी. किलोमीटरमागे पन्नास पैसे कमी करून घेण्यात फारसे हाती लागत नाही.

दिवस कधी सुरू होतो?

बहुतेक ठिकाणी दिवस तारखेप्रमाणे मोजतात, रात्री १२ ते रात्री १२. 'शुक्रवारी ड्युटी संपली की रात्री ९ ला निघू' हा कंपनीत कामाला असणाऱ्यांचा आवडता बेत. तो सोमवारी पहाटे १ वाजता घरी आणून सोडतो. एकूण तास ५२, पण तारखा चार. वरच्या नागपूरच्या गाडीचे बिल मग १,२०० किलोमीटर आणि चार भत्ते धरून १७,६०० रुपये होते. त्याऐवजी शुक्रवारी पहाटे ५ ला निघून रविवारी रात्री ११ ला परत आले तर गाडी ६६ तास वापरली जाते आणि दिवस तीनच मोजले जातात. एका रजेचा फरक ४,४०० रुपयांचा आहे. शिवाय दिवसभर गाडी चालवून आलेल्या चालकाला रात्री छिंदवाड्याच्या पुढच्या घाटात नेणे टळते, त्याची किंमत कुठल्याच बिलात येत नाही.

काही व्यावसायिक २४ तासांचा दिवस धरतात. रात्री निघायचेच असेल तर असा शोधावा.

पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त का मिळते?

गावात प्रत्येकाच्या ओळखीत एक गाडीवाला असतोच. घरची सात आसनी गाडी, पांढरी पाटी, दर दोन-तीन रुपयांनी कमी. टोलही नाही म्हणतो. त्याचे खरे असते. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास खासगी गाड्यांनाच मिळतो, टॅक्सीला नाही. पर्यटक परवान्याचे शुल्क, व्यावसायिक विम्याचा हप्ता, ठरावीक मुदतीने करावी लागणारी फिटनेस तपासणी, यातले काहीही खासगी गाडीला नसते. स्वस्ताई येते ती इथून.

भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. खासगी गाडी भाड्याने चालवणे म्हणजे परवान्याविना वाहतूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ अ मध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ही शिक्षा प्रवाशाला नाही. पण गाडी अडवून ठेवली तर उन्हात रस्त्यावर उभे राहायची वेळ सामानासकट प्रवाशांवरच येते.

दंडापेक्षा मोठा प्रश्न विम्याचा आहे. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. परवाना नसलेली गाडी भाड्याने वापरली गेली, हा विमा कंपनीला दायित्व नाकारण्यासाठी कायद्याने दिलेल्या बचावांपैकी एक आहे. रस्त्यावरील तिऱ्हाईताला इजा झाली तर 'आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा' असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. गाडीत बसलेल्यांचे प्रकरण त्याहून अवघड होते. भाडे दिले हे सिद्ध झाले तर विमा कंपनी हात झटकू पाहते आणि मग भरपाई मागायची ती गाडीमालकाकडे, ज्याचे गाडीचे हप्तेच अजून चालू असतात.

अशा गाडीत निघताना हमखास एक सूचना मिळते, 'कुणी विचारले तर नातेवाईक आहोत म्हणून सांगा.' सगळे हसून हो म्हणतात. पण हे वाक्य म्हणजे आपण काय विकत घेत आहोत याचा कबुलीजबाब आहे. त्या प्रवासाची पावती नाही, करार नाही आणि काही घडले तर खरे सांगावे की खोटे, हा पेच जखमी कुटुंबापुढे येतो.

यात ओळखीच्या गाडीवाल्याला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. हप्ते फेडायला तो चार भाडी मारतो आणि अडीअडचणीला रात्री दोनला उठून दवाखान्यात सोडतो. पण आरटीओत अर्ज करून, कराचा फरक भरून खासगी गाडीचे टॅक्सी पासिंग करून घेता येते. वर्षभर भाडी मारणाऱ्याने ते करावे आणि ग्राहकांनीही दोन रुपये जास्त देऊन त्याला ते परवडू द्यावे.

खात्री करणे सोपे आहे. एमपरिवहन अॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की वाहनाचा वर्ग दिसतो. 'मोटर कॅब' असेल तर टॅक्सी, 'मोटर कार' असेल तर खासगी. विमा, फिटनेस आणि पीयूसीची मुदतही तिथेच दिसते. राज्याबाहेर जायचे असल्यास परवाना अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे वेगळे विचारावे. भंडारा जिल्ह्याला मध्य प्रदेशची सीमा लागूनच आहे. परवाना राज्यापुरता असेल तर तिकडचा कर भरावा लागतो आणि तो कुणी भरायचा यावर सीमेवरच वाद होतो.

स्वतः चालवायला गाडी घेतली तर?

चालकाचा भत्ता वाचतो, एक जागाही वाढते. कायदेशीर सेल्फ ड्राइव्ह गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. १९८९ च्या केंद्रीय रेंट-ए-कॅब योजनेत परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असण्याची अट आहे, त्यामुळे अशी सेवा मोठ्या शहरांत आणि गोव्यासारख्या पर्यटनस्थळी सापडते. वरठीत ती शोधण्यात अर्थ नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, इंधनाचा काटा आणि मीटर यांचा व्हिडिओ काढावा. अनामत रकमेतून ओरखड्यांचे पैसे कापले जातात तेव्हा तोच कामी येतो. अनामत किती दिवसांत परत मिळेल आणि नंतर येणाऱ्या ई-चलनाचे काय, हेही आधीच लिहून घ्यावे.

गाडी इथूनच न्यायला हवी का?

महाबळेश्वर, कोकण, गोवा अशा लांबच्या सहलीत वरठीहून गाडी नेणे हा बहुधा सर्वांत महाग मार्ग. महाराष्ट्र एक्स्प्रेसने दुसऱ्या दिवशी साताऱ्यात उतरता येते आणि तिथून महाबळेश्वर ५५ किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी तिथे केली की जाण्या-येण्याचे हजारो किलोमीटर हिशेबातून निघून जातात. अट एकच, आरक्षण वेळेत मिळायला हवे. माणसे चाळीसच्या घरात असतील, तर अनेक गाड्यांऐवजी एसटीची प्रासंगिक कराराची बस भंडारा आगारात विचारून पाहावी.

दर कधी उतरतात?

विदर्भात गाड्यांचे दर शाळेच्या सुट्टीपेक्षा लग्नाच्या तिथींवर जास्त हलतात. एप्रिल-मे मध्ये दाट तिथीच्या दिवशी गाडी मिळतच नाही आणि मिळाली तर चढ्या दराने. पंचांग किंवा लग्नाच्या तिथींची यादी पाहून दोन तिथींमधल्या रिकाम्या दिवसांत सहल बसवली तर तीच गाडी, तोच मालक नरमाईने बोलतो. दिवाळीच्या सुट्टीत तुळशी विवाहापर्यंत लग्ने नसतात, फक्त भाऊबीजेची गर्दी टाळावी. आणखी एक सवलत विदर्भाला उन्हाने मिळवून दिली आहे. राज्यातील इतर शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, इथल्या आठवडाभर उशिरा. त्या आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रातील पर्यटनस्थळी गर्दी ओसरलेली असते. पाऊस लागला असेल, हे मात्र धरून चालावे.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काय लिहून घ्यावे?

फोनवरचे बोलणे व्हॉट्सअॅपवर टाकून त्याला 'हो' म्हणायला लावावे. मजकूर असा पुरेसा आहे : 'गाडी क्रमांक अमुक, टॅक्सी पासिंग. या तारखेला पहाटे ५ ते त्या तारखेला रात्री ११, तीन दिवस. मीटर वरठीतून सुरू, वरठीत बंद. रोज किमान २५० किलोमीटर, दर १४ रुपये, भत्ता रोज ४००. टोल-पार्किंग पावतीप्रमाणे. घाटातही एसी सुरू. गाडी बिघडल्यास दुसरी देणार. आगाऊ दिले इतके.' एसीचा उल्लेख हास्यास्पद वाटेल, पण मे महिन्यात 'घाटात एसी चालत नाही' हे वाक्य पहिल्या चढावर ऐकले की तो का घातला ते कळते.

जीएसटी वेगळा लावणार का, हेही विचारावे. इंधनासह गाडी देणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे तो सहसा ५ टक्के असतो. वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या, नोंदणी नसलेल्या मालकाला जीएसटी आकारताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर ती रक्कम देऊ नये.

इंटरनेटवर शोधून सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर पूर्ण भाडे आगाऊ पाठवू नये. सुट्टीच्या हंगामात अर्ध्या दरात नवीकोरी गाडी देणारी जाहिरात दिसली, तर आधी गाडीचा क्रमांक मागून अॅपवर तपासावा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता कमी.