कायदा शिकलेल्या मुलींनी फक्त पोटगीच लढवायची का?

मध्यंतरी आपल्या जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयात मुलींशी बोलायला गेले होते. विषय नेहमीचाच, 'स्त्रिया आणि कायदा'. मांडणीही नेहमीचीच : २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जुने ४९८ अ आता नव्या संहितेत कुठे गेले, पोटगी, वारसाहक्क, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ. हे सगळे मला आता पाठ झाले आहे.

बोलणे संपल्यावर शेवटच्या वर्षाची एक मुलगी उठली. नेवासे तालुक्यातली, घरी थोडी जमीन, त्यात कांदा. ती म्हणाली, "ताई, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला आलेला. आई आणि मी काटणीलाच बसलेलो होतो. त्या बंदीविरुद्ध आम्हाला कोर्टात जाता आलं असतं का? आणि असली कामं करणारे वकील कुठं शिकतात?"

माझ्याशेजारी एक ज्येष्ठ वकील बसले होते. ते हसून म्हणाले, "बाळ, तो दिल्लीचा विषय आहे." मी काहीच बोलले नाही. मला उत्तर येत नव्हते म्हणून.

घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहिले. १९९२-९३ साली डंकेल प्रस्तावाविरुद्ध आम्ही मोर्चे काढले होते. घोषणा मी स्वतः लिहिल्या होत्या. प्रस्ताव मात्र वाचला नव्हता. तो इंग्रजीत होता, जाडजूड होता, आणि पुण्या-मुंबईची जाणकार मंडळी सांगतील ते खरे, अशी आमची समजूत होती. शरद जोशींची शेतकरी संघटना तेव्हा खुल्या व्यापाराच्या बाजूने उभी होती, त्यामुळे चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनाला आवर्जून गेलेल्या कितीतरी बायका आमच्या विरुद्ध बाजूला गेल्या. आम्ही एकमेकींशी कडाकडा भांडलो. वाचले कुणीच नव्हते, त्यांनीही नाही आणि आम्हीही नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये माराकेशला करारावर सह्या झाल्या, १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, आणि आम्ही पुन्हा आमच्या पोटगीच्या फायलींकडे वळलो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर शोधले. ते फार अवघड नाही, हे सांगताना लाज वाटते. कांदा परदेशी पाठवायचा की नाही हे १९९२ च्या विदेश व्यापार (विकास आणि नियमन) कायद्याखाली ठरते. त्या कायद्याच्या कलम ३ ने केंद्र सरकारला राजपत्रात आदेश काढून आयात-निर्यात बंद करण्याचा अधिकार दिला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले. मग ७ डिसेंबर २०२३ ची अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून निर्यात बंद. मुदत ३१ मार्च २०२४ ची होती, ती पुढे वाढली. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलर किमान निर्यातमूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

कोर्टात जाता येते. धोरणात न्यायालय सहसा हात घालत नाही, पण आदेश अधिकारात बसतो का, सवलतीच्या अटी न्याय्य आहेत का, हे विचारता येते. आणि सवलती होत्याच. जहाजात माल चढवायला सुरुवात झाली असेल, शिपिंग बिल भरलेले असून जहाज बंदराला लागले असेल, माल कस्टमच्या ताब्यात दिलेला असेल, तर तो माल जाऊ द्यायचा. म्हणजे ज्याच्या हातात कागद होता त्याचा विचार अधिसूचना लिहिणाऱ्याने केला. वाफ्यात कांदा होता आणि शेजारी विळा घेऊन काटणारी बसली होती, तिच्या हातात कागद नव्हता. रोप टाकण्यापासून लागण, खुरपणी, काटणी, निवड इथपर्यंत कांद्याचे बहुतेक काम बाई करते. घोडेगावच्या बाजारात गोणी उतरते तेव्हा पट्टी मात्र पुरुषाच्या नावाने निघते. मग शिपिंग बिल तर फारच लांबची गोष्ट.

पण मला जास्त बोलायचे आहे ते उसाबद्दल, कारण तिथे आपला जिल्हा थेट जिनिव्हाला गेला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याकडे लोणीला, प्रवरानगरला १९५० साली सुरू झाला, हे आपण पोरासोरांना अभिमानाने सांगतो. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. म्हणणे असे की, भारत उसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो आणि साखरेच्या निर्यातीला अनुदान देतो. १४ डिसेंबर २०२१ ला निकाल भारताच्या विरोधात गेला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला, असे निवाडा मंडळाने ठरवले. भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले. पण अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ते अपील ऐकायला मंडळच उरलेले नव्हते.

या खटल्याचा मध्यबिंदू होता आपली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर. २०१८-१९ च्या हंगामात तो १० टक्के उताऱ्याला क्विंटलला २७५ रुपये होता. भारताचे म्हणणे होते की हा पैसा सरकार देत नाही, कारखाने देतात. मंडळाने ते मानले नाही. दर सरकारने बांधून दिला, एवढे त्यांना पुरले.

आता महाराष्ट्रात एफआरपी शेतकऱ्याच्या हातात कशी पडते ते आठवा. कारखाना त्यातून तोडणी-वाहतूक कापून घेतो. तोडणीचे पैसे म्हणजे पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून आणि शेजारच्या बीडमधून दसरा-दिवाळीला बिऱ्हाड उचलून निघणाऱ्या कोयत्याचे पैसे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघे मिळून एक. उचल बहुतेक वेळा त्याच्या नावावर. ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. तिची मजुरी त्या २७५ रुपयांच्या पोटात होती. जिनिव्हात दोन्ही बाजूंचे निष्णात वकील वर्षानुवर्षे त्या आकड्यावर वाद घालत होते, आणि त्या आकड्यात बाईचे श्रम किती हा प्रश्न विचारायला कुणाचाच वकील तिथे नव्हता. तो विचारण्याची जागा त्या खटल्यात नव्हती, असे कायद्याचे लोक म्हणतील. बरोबर आहे. जागा आपोआप होत नाही.

दुसऱ्या बाजूनेही पाहा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने महाराष्ट्राच्या उसातले हे हाल आणि इथली साखर विकत घेणाऱ्या शीतपेय कंपन्या यांचा संबंध छापला. जगात असे कायदे आहेत जे या संबंधाला हात घालतात. सक्तीच्या श्रमातून तयार झालेला माल आत घेऊ नये अशी तरतूद अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्यात आहे. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे काय चालते याची जबाबदारी घ्यावी, असा निर्देश युरोपीय संघाने २०२४ मध्ये काढला आणि पुढच्याच वर्षी तो सैल करायला घेतला. हे कायदे आपल्या बायकांच्या बाजूने वापरता येतील की कारखान्याला बाजार बंद करून त्यांचीच मजुरी बुडवतील, हे मी सांगू शकत नाही. त्यासाठी व्यापाराचा कायदा आणि फडावरची कोपी, दोन्ही माहीत असलेली मुलगी लागेल. पाथर्डीच्या मुलीपेक्षा ती दुसरी कोण असणार?

बियाण्याचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राहीबाई बी राखतात, वाटतात. तो शेतकऱ्याचा हक्क म्हणून २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ मध्ये लिहिलेला आहे, आणि तो कायदा मुळात व्यापार कराराने भाग पाडले म्हणून आला. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर दावे लावले आणि ओरड झाल्यावर मागे घेतले. त्या वाणाची नोंदणीच रद्द करा असा अर्ज पुढे कविता कुरुगंटी या कार्यकर्तीने केला. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदणी रद्द झाली, जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते रद्द करणे फिरवले. हार-जीत बाजूला ठेवू. एका बाईने कायदा नीट वाचून अर्ज केला, म्हणून एवढी लढाई झाली.

तर मग शिकायचे कुठे? त्या मुलीच्या प्रश्नाचा हा दुसरा भाग. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत कायद्याच्या ऐच्छिक विषयांचे जे गट आहेत, त्यांत आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आहे, बौद्धिक संपदा आहे आणि शेतीविषयक कायदाही आहे. आपल्या कॉलेजात तो गट शिकवत नसतील तर मुलींनी मागायला हवा. पुढे दिल्लीची भारतीय विदेश व्यापार संस्था आहे, १९६३ ची. तिथे केंद्र सरकारने व्यापार आणि गुंतवणूक कायद्याचे केंद्र काढले. करार आणि तंटे यांत सरकारला सल्ला देणारे तरुण वकील तिथे काम करतात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय व्यापार सेवेत जाता येते. कांद्याची अधिसूचना ज्या कचेरीतून निघाली, ती विदेश व्यापार महासंचालनालयाची कचेरी हेच अधिकारी चालवतात. तिची शाखा पुण्यातही आहे. आपल्याकडे मुली कलेक्टर व्हायचे म्हणून परीक्षेला बसतात, या सेवेचे नाव त्यांच्या पसंतीच्या यादीत वर कधी येत नाही. कस्टम आणि उत्पादन शुल्काच्या अपिलांचे न्यायाधिकरण मुंबईत आहे. कस्टम ब्रोकरच्या परवान्याची लेखी आणि तोंडी परीक्षा कायद्याची पदवी घेतलेल्यांना देता येते. न्हावा शेवा बंदराचे बरेचसे काम या परवान्यावर चालते.

आणि ज्यांना गाव सोडता येत नाही त्यांच्यासाठीही काम आहे. निर्यातीचा आयईसी क्रमांक आता पॅनचाच असतो, फी ५०० रुपये. गटाच्या बायकांची शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर हा क्रमांक, अपेडाची नोंदणी, खरेदीदाराशी करार, बँकेची पतपत्रे, हे सगळे बघायला बी.कॉम. झालेली किंवा वकील झालेली गावातलीच मुलगी का नसावी? आज हे कागद एजंट करतो आणि सह्या फक्त बायकांच्या असतात.

अडचणी मी लपवणार नाही. हे सगळे इंग्रजीत आहे. पहिली दोन-तीन वर्षे ज्युनियरला जवळजवळ फुकट राबावे लागते, आणि फुकट राबणे ज्यांच्या घरी परवडते त्यांचीच मुले टिकतात. शेवटच्या वर्षाला स्थळे येऊ लागतात. शिवाय या क्षेत्रातले बहुतेक पैसे कंपन्यांकडून येतात, म्हणजे आपली मुलगी उद्या समोरच्या बाजूने उभी राहू शकते. आमच्या बैठकीत एक जुनी मैत्रीण हेच म्हणाली, "आपण शिकवायचं आणि पेप्सीनं न्यायचं!" मला ते पटत नाही. मुलग्यांनी कंपनीत नोकरी धरली की आपण पेढे घेतो, मुलींना मात्र चळवळीचे वेठ लावतो. तिला चांगला पगार मिळू दे. आत काय चालते ते तिला कळू दे. तिच्या दहा मैत्रिणींतली एक आपल्याकडे येईल, ती पुष्कळ झाली.

जगभरच्या स्त्री संघटनांतही यावर एकमत नाही, हेही सांगायला हवे. डिसेंबर २०१७ मध्ये ब्यूनस आयर्सला व्यापार आणि स्त्रियांचे आर्थिक सक्षमीकरण असा जाहीरनामा निघाला. भारताने त्यात भाग घेतला नाही, आणि अनेक स्त्री संघटनांनीही त्याला विरोध केला, स्त्रियांच्या नावाखाली जुनेच धोरण खपवले जाते म्हणून. त्यानंतर २४ जुलै २०२५ ला भारताने ब्रिटनशी जो व्यापार करार केला, त्यात मात्र व्यापार आणि स्त्री-पुरुष समानता यावर एक आख्खे प्रकरण आहे. ते फसवे आहे की कामाचे, यावर आपल्याकडे चर्चा व्हायला हवी होती. मी चार संघटनांना विचारले. कुणी वाचले नव्हते. डंकेलच्या वेळी तरी निमित्त होते की कागद मिळत नव्हता. आता तो सरकारी संकेतस्थळावर आहे.

म्हणून आम्ही नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगरच्या) कचेरीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एक कागद वाचायला बसतो. सुरुवात ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने केली. नेवाशाची ती मुलगी आली, तिच्या वर्गातल्या तिघी आल्या, आणि एकीची आईही आली. दीड पानाला अडीच तास लागले. 'शिपिंग बिल' म्हणजे काय हे समजावताना आईने विचारले, हे बिल आपल्याला बाजार समितीत मिळतं का? मुलींना हसू आले, पण मग बाजार समितीच्या पट्टीपासून शिपिंग बिलापर्यंत माल किती हातांतून जातो ते त्यांनी फळ्यावर काढले आणि पुढची तारीख त्यासाठीच ठेवली. ब्रिटनच्या कराराचे ते प्रकरण त्यानंतर घेणार आहोत.

या मुलींपैकी दोघींना सुट्टीत तीन महिने पुण्याला किंवा मुंबईला या विषयाच्या वकिलाकडे काम शिकायचे आहे. कॉलेजची परवानगी आहे, राहण्याची सोय नाही. ज्या मैत्रिणींच्या घरी एखादी खोली रिकामी असेल किंवा ज्यांच्या ओळखीत असे कार्यालय असेल, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाकावे. मुली स्वयंपाकाला मदत करतील असे मी लिहिणार नाही. त्यांना अभ्यास आहे.