चरित्र कोणाचें वाचावें?

मराठींत ‘चरित्र’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक, एखाद्या व्यक्तीचा जीवनवृत्तान्त. आणि दुसरा, त्या व्यक्तीचें शील. आपल्या पूर्वजांच्या दृष्टीनें हे दोन अर्थ फारसे दूर नव्हते. ज्याच्या अंगीं शील आहे त्याचें वृत्त लिहावें, श्रोत्यांनीं तें ऐकावें आणि आपलें आचरण सुधारावें, अशी ती सरळ व्यवस्था होती. बाणभट्टानें हर्षाचें चरित लिहिलें, भवभूतीनें रामाचें. मग ज्याच्या शीलाविषयीं बोलण्यासारखें कांहीं नाहीं, अशा पुरुषाचें चरित्र घरांत आणावें काय, आणि आणलें तर तें कसें वाचावें, याचा विचार आज करावयाचा आहे. आमच्या डोळ्यांपुढें नांव आहे तें जर्मनीच्या अॅडॉल्फ हिटलरचें.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. सुशिक्षित घरांतील तरुण मुलें जेवणाच्या पंक्तीला ‘कांहीं म्हणा, पण त्या मनुष्यानें देशाला शिस्त लावली’ असें सहज बोलून जातात, आणि एखादे काका ‘युद्ध हरला म्हणून वाईट ठरला’ अशी पुस्ती जोडतात. अशा घरांत बहुधा त्याचें आत्मचरित्र ‘माइन काम्फ’ असतें. आपल्या शहरांतील पदपथांवर तें सहज मिळतें. परंतु आत्मचरित्र म्हणजे आरोपीची स्वतःची जबानी. केवळ तिच्यावर कोणी न्यायाधीश निकाल देत नाहीं. शिवाय तें कौतुकानें बाळगणारांनीं नीट वाचलेलेंहि नसतें. हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हातीं जाण्यापेक्षां इंग्रजांच्या ताब्यांत राहिलेला आपणांस बरा वाटतो, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. १९३७ च्या नोव्हेंबरांत लॉर्ड हॅलिफॅक्स, म्हणजे आपले पूर्वींचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन, त्याला भेटावयास गेले असतां, गांधींना गोळी घाला, असा सल्ला त्यानें दिला होता. ‘आर्य’ शब्दाच्या त्याच्या वापराचा कित्येकांस अभिमान वाटतो. अमरकोशांत हा शब्द कुलीन, सभ्य, सज्जन, साधु यांच्या पंक्तीला बसविला आहे. तो संस्काराचा व वर्तनाचा शब्द आहे. रक्तावरून मनुष्यजातीचे वर्ग पाडण्याचें तें माप नव्हे.

तेव्हां इतरांनीं लिहिलेलीं चरित्रें पाहावीं. तीं पुष्कळ आहेत. आम्ही चारांचाच निर्देश करितों. इंग्रज इतिहासकार ट्रेव्हर-रोपर यांचें हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरील पुस्तक १९४७ सालीं निघालें. ब्रिटिश हेरखात्यांतील अधिकारी या नात्यानें त्यांनीं स्वतः त्या मृत्यूचा तपास केला होता, त्यामुळें त्यांत साक्षीपुराव्याचा ताजेपणा आहे. पण याच पंडितांनीं १९८३ मध्यें हिटलरच्या म्हणून पुढें आलेल्या बनावट रोजनिशा प्रथम खऱ्या ठरविल्या, हेंहि वाचकानें ध्यानांत ठेवावें. अॅलन बुलक यांचें पहिलें मोठें चरित्र १९५२ चें. त्यांतील हिटलर हा तत्त्वशून्य, संधिसाधू आणि सत्तेचा भुकेला आहे. योआखिम फेस्ट हे स्वतः जर्मन. त्यांच्या १९७३ च्या ग्रंथांत नायकाचें अंतरंग उत्तम रंगलें आहे. परंतु ज्यूंच्या संहाराला त्या जाड ग्रंथांत फारच थोडीं पानें मिळालीं. इयान कर्शॉ यांचे दोन खंड १९९८ व २००० सालीं आले. त्यांनीं दृष्टि एकट्या नायकावर न ठेवतां त्याच्या सभोंवारच्या समाजावर ठेविली.

अशीं पुस्तकें उघडतांना प्रत्येकास प्रथम एक किल्ली हवी असते. बाप मारकुटा होता. व्हिएन्नाच्या कलाशाळेनें १९०७ आणि १९०८ अशीं दोन वर्षें त्याला नाकारलें. म्हणून तो असा झाला! आम्हीं उभा जन्म शाळेंत काढला. मार खाल्लेलीं व नापास झालेलीं मुलें पुष्कळ पाहिलीं. तीं पुढें कारकून झालीं, दुकानदार झालीं, कित्येक तर उत्तम गृहस्थ झालीं. आणि ही किल्ली किती फसवी आहे तें पाहा. हिटलरच्या आईस कर्करोग झाला असतां लिंझ येथील डॉ. एडुआर्ड ब्लोख यांनीं तिच्यावर उपचार केले. ते ज्यू होते. १९०७ च्या डिसेंबरांत आई वारली. मुलानें डॉक्टरांचे आभार मानले, पुढें आपल्या अमलांतहि त्यांस विशेष संरक्षण दिलें, आणि १९४० मध्यें ते अमेरिकेस जाऊं शकले. एका ज्यू वैद्याचे उपकार स्मरणारा हा मनुष्य सुमारें साठ लक्ष ज्यूंच्या हत्येस कारण झाला. ही गांठ बाळपणाच्या गोष्टींनीं सुटत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, या चरित्रांत नायकाकडे कमी आणि त्याला वर चढविणाऱ्या हातांकडे अधिक पाहावें. १९२८ च्या निवडणुकींत त्याच्या पक्षाला शेंकडा ३ हूनहि कमी मतें व अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या. मंदीच्या तडाख्यांत त्या १९३० मध्यें १०७ आणि १९३२ च्या जुलैंत २३० झाल्या. तरीहि मतें शेंकडा ३७ च्या आसपासच राहिलीं, आणि त्याच नोव्हेंबरांत जागा १९६ वर उतरल्या. ओहोटी लागली होती. अशा वेळीं, ३० जानेवारी १९३३ रोजीं, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनीं त्याला चॅन्सेलर नेमिलें. फॉन पापेन प्रभृति खानदानी मुत्सद्द्यांचा हिशेब असा कीं, मंत्रिमंडळांत त्याला धरून नाझी तीनच; आपण त्याला वेसण घालूं. दोन महिन्यांच्या आंत, २३ मार्च रोजीं, संसदेनें ४४४ विरुद्ध ९४ मतांनीं कायदे करण्याचा अधिकार त्याच्या सरकारच्या हातीं दिला. विरोधीं मत एकट्या सोशल डेमोक्रॅट पक्षानें दिलें. कम्युनिस्ट सभासदांस सभागृहांत येऊंच दिलें नव्हतें. वेसण कोणाच्या नाकांत पडली, हें सांगावयास नको.

हे हात अडाण्यांचे नव्हते. ज्या देशाच्या पंडितांनीं संपादिलेले संस्कृत ग्रंथ आपण आदरानें वापरतों, तोच हा देश. तेथील न्यायाधीशांनीं, डॉक्टरांनीं, प्राध्यापकांनीं आणि शाळामास्तरांनीं शपथा घेतल्या, सह्या केल्या, आणि हांकलून दिलेल्या सहकाऱ्याच्या खुर्चीवर ते बसले. २० जानेवारी १९४२ रोजीं बर्लिनच्या वानसे भागांतील एका बंगल्यांत ज्यूंच्या संहाराची व्यवस्था लावण्यास १५ अधिकारी जमले होते. त्यांपैकीं ८ जण डॉक्टरेट मिळविलेले होते. कर्शॉ दाखवितात कीं, प्रत्येक हुकूम वरून यावा लागत नव्हता. धन्याच्या मनांत काय असेल तें ताडून खालच्यांनीं आपण होऊन तें करावें, अशी रीत पडली होती. विद्येबरोबर शील आपोआप येतें, अशी ज्या घरांची समजूत आहे त्यांनीं हीं प्रकरणें दोनदां वाचावीं.

उलट बाजूचें उदाहरण चरित्रकार फेस्ट यांच्याच घरचें आहे. त्यांचे वडील योहान्नेस फेस्ट हे बर्लिनमध्यें मुख्याध्यापक होते. नव्या राजवटीचे ते उघड विरोधक, म्हणून १९३३ मध्येंच त्यांची नोकरी गेली. मुलें लहान होतीं. मुलांसाठीं तरी पक्षांत नांव घालावें, अशी पत्नीनें विनवणी केली. ती त्यांनीं मानली नाहीं. धाकटीं मुलें निजलीं म्हणजे ते थोरल्या मुलांस घेऊन दुसऱ्यांदां जेवावयास बसत, आणि ज्याचा बाहेर उच्चार करण्याची सोय नव्हती तें सर्व तेथें मोकळेपणानें बोललें जाई. फेस्ट यांनीं २००६ मध्यें या दिवसांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्या पुस्तकाचें नांव ‘मी नाहीं’ अशा अर्थाचें आहे. या मास्तरांनीं राज्य उलथविलें नाहीं. त्यांच्या घरांत मात्र खरें कोणतें आणि खोटें कोणतें, हें बारा वर्षें मुलांस कळत राहिलें.

हिटलरचें चरित्र, तेव्हां, घरांत अवश्य आणावें. तें एकट्या मुलाच्या हातीं देऊन मोकळें होऊं नये. रात्रीं जेवणें आटोपल्यावर वडील माणसांनीं आणि मुलांनीं मिळून तें वाचावें, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं एवढेंच विचारावें कीं, येथें ‘नाहीं’ म्हणण्याची पाळी कोणाची होती, आणि त्याच्या जागीं आपण असतों तर काय केलें असतें? उत्तर देण्याची घाई कोणीं करूं नये. वडील माणसांनीं तर मुळींच करूं नये.