वाडा, कागद आणि मालकीण

युरोप पाहून आलेल्या विद्वानांच्या तोंडून म्युनिक शहराच्या ‘मोनासेन्सिया’ या ग्रंथसंग्रहालयाची स्तुति आम्हीं अनेकदां ऐकिली आहे. वाडा काय देखणा, हस्तलिखितें काय निगुतीनें ठेविलेलीं! हें सारें खरें. परंतु या स्तुतीच्या शेपटास जेव्हां असा प्रश्न जोडण्यांत येतो कीं, सरस्वतीच्या मंदिरांत जुन्या राजकीय जखमा उकरण्याचें प्रयोजन काय, ग्रंथालयानें ग्रंथांपुरतें पाहावें, तेव्हां आम्हांस गप्प बसवत नाहीं.

हा वाडा शिल्पकार आडोल्फ फॉन हिल्डेब्रांट यानें १८९८ च्या सुमारास स्वतःसाठीं उभारला. १९३४ सालीं तो एलिझाबेथ ब्राउन या बाईंकडे आला. बाई श्रद्धेनें ख्रिस्ती होत्या. पण नाझी कायदा श्रद्धा पाहत नव्हता, जन्म पाहत होता. आपल्यासारख्याच छळलेल्या माणसांना त्यांनीं या घरांत थारा दिला. २० नोव्हेंबर १९४१ रोजीं सुमारें हजार ज्यूंबरोबर त्यांची रवानगी लिथुआनियांतील कौनास येथें झाली, आणि पांचच दिवसांनीं तेथें त्या सर्वांना गोळ्या घालण्यांत आल्या.

आणि वाड्यांत आज कागद कोणाचे आहेत? थॉमस मान यांचीं अपत्यें क्लाउस व एरिका यांचे! दोघेंही १९३३ त परागंदा झालीं. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत म्युनिकच्या भर चौकांत ग्रंथांची होळी पेटली. ज्या नगरींत त्यांना राहतां आलें नाहीं, तिनेंच पुढें त्यांचीं पत्रें जपलीं. तेव्हां ‘ग्रंथांपुरतें पाहणें’ म्हणजे पत्र वाचावयाचें, पण तें परमुलुखांतून कां लिहावें लागलें हें पुसावयाचें नाहीं, असेंच ना?

कोणी म्हणेल, आम्ही व्हेडेकिंडच्या नाटकांसाठीं जातों, आम्हांस या कटकटी नकोत. म्हणणें वरकरणी रास्त दिसतें. पण कैसराची टवाळी करणारी कविता लिहिल्याबद्दल किल्ल्यांत कैद भोगलेला गृहस्थ तो हाच! राजकारण टाळावयास निघालेल्या वाचकानें आश्रय मोठा नामी शोधला म्हणावयाचा.

नगरपालिकेनें हा वाडा १९७४ त घेतला, व १९७७ पासून तेथें ग्रंथालय नांदत आहे. प्रवाशांनीं वाड्याचीं छायाचित्रें खुशाल काढावींत. प्रवासवर्णनांत हिल्डेब्रांटच्या कलेस चार पानें देणाऱ्यांनीं एलिझाबेथ ब्राउन यांस चार ओळी तरी द्याव्या, एवढेंच आमचें मागणें आहे.