कीर्तिमंदिराचा उंबरठा

पालघरच्या फलाटावर क्रिकेटचा विषय निघाला की तो फिरून फिरून शार्दूल ठाकूरपाशी येतो, यात नवल नाही. मुंबईची लोकल विरारलाच परत फिरत असे, त्या काळात हा मुलगा खांद्यावर किट अडकवून मुंबईची मैदाने गाठत होता. (डहाणूपर्यंत लोकल आली ती 2013 साली.) त्यामुळे बोईसर-तारापूरच्या वसाहतींपासून माहीमच्या वाड्यांपर्यंत सगळे त्याला ‘आपला’ म्हणतात. आयसीसीच्या ‘हॉल ऑफ फेम’ची, म्हणजे क्रिकेटच्या कीर्तिमंदिराची, नवी नावे आली की प्रश्न ठरलेला: आपल्या शार्दूलचे नाव तिथे कधी लागणार?

लागणार नाही. आपल्या मुलाविषयी असे लिहिणे जड जाते, पण घरच्या माणसांनीच खरे बोलावे. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला सहा बाद 186 अशी अवस्था असताना त्याने 67 धावा काढल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 धावांची भागी केली, सामन्यात सात बळी घेतले. ऑस्ट्रेलिया 1988 नंतर त्या मैदानावर हरली ती तेव्हा. पुढच्या वर्षी जोहान्सबर्गला एका डावात 61 धावांत सात बळी! परंतु 2025 च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत त्याच्या कसोट्या भरतात फक्त 13. मोठे दिवस आणि मोठी कारकीर्द यांत अंतर आहेच.

मात्र तेवढ्यावर वाद मिटवावा, असे मला वाटत नाही. कारण कसोट्यांची मोजणी हाच निकष असेल, तर 2021 साली लिअरी कॉन्स्टंटाइन या मंदिरात कसे गेले? 18 कसोट्या, धावांची सरासरी 19, 58 बळी तीसच्या सरासरीने. आकडे पाहून कोणी दारातही उभे केले नसते. निवड समितीने आकड्यांपलीकडे पाहिले, वेस्ट इंडीजच्या क्रिकेटला या माणसाने काय दिले ते पाहिले, आणि योग्यच केले. त्याच वर्षी आपल्या विनू मंकड यांनाही मान मिळाला. तोवर त्यांना जाऊन जवळपास 43 वर्षे होत आली होती.

मग हाच चष्मा लावून विजय मर्चंट यांच्याकडे पाहा. 2025 अखेरच्या यादीत अकरा भारतीय आहेत. सुनील गावस्कर, सचिन तेंडुलकर आहेत, आणि आपल्याच पश्चिम रेल्वेच्या डायना एडल्जीही आहेत. मर्चंट नाहीत. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी 71.64, म्हणजे ब्रॅडमनखालोखाल. कसोट्या मात्र दहाच, त्याही 1933 ते 1951 अशा अठरा वर्षांत. मधली वर्षे महायुद्धाने गिळली. त्याचा दंड फलंदाजाने का भरायचा? चाळिशी गाठल्यावर दिल्लीत शेवटच्या कसोटीत या गृहस्थाने 154 धावा काढल्या!

सांगलीचे विजय हजारेही बाहेरच. 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला, लिंडवॉल आणि मिलर समोर असताना, दोन्ही डावांत शतके: 116 आणि 145. भारताने पहिली कसोटी जिंकली ती 1952 मध्ये मद्रासला, कर्णधार हजारेच.

आणि सर्वांत भक्कम दावा, माझ्या मते, ज्यांनी एकही कसोटी खेळली नाही त्या पळवणकर बाळूंचा. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करता करता, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकत हा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. सहकारी मैदानावर त्यांच्या हातून चेंडू घेत, चहाच्या वेळी मात्र त्यांचा पेला वेगळा, बसायची जागाही वेगळी. हिंदू संघाने 1906 मध्ये युरोपियनांना हरवले त्यात ते होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. भाऊ विठ्ठल यांना ते पुढे मिळाले. भारत पहिली कसोटी खेळला 1932 मध्ये, तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. कसोटी नाही म्हणून ते अपात्र, असे म्हणणारा नियम कागदावर बरोबर असेल; पण मग त्या नियमाला एक खिडकी हवी.

पद्माकर शिवलकर यांचीही कथा अशीच. प्रथम श्रेणीत 589 बळी, कसोटी एकही नाही. मंडळाने 2017 मध्ये सी. के. नायडू जीवनगौरव दिला, तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या पुढे होते.

तेव्हा फलाटावरच्या मंडळींना माझे सांगणे असे की, शार्दूलसाठी भांडू नका. भांडायचेच तर बाळूंसाठी भांडा. शार्दूलचे नाव पालघरच्या मैदानावर मोठ्या फळ्यावर लागू द्या. त्याखाली ब्रिस्बेनचे 67 लिहा, जोहान्सबर्गचे सात बळी लिहा. आणि 2018 साली हैदराबादला पहिल्या कसोटीत दुखापतीने मैदान सोडण्यापूर्वी त्याने टाकलेले ते दहा चेंडूही.